पॉलिश केलेली जुनी गाडी महिन्याभरात परत पांढुरकी का पडते?

सेकंडहँड गाडी घेतलेल्यांची एक तक्रार लातूरपासून जालन्यापर्यंत जवळपास त्याच शब्दांत ऐकू येते. "रबिंग-पॉलिश करून घेतली, आठ-दहा दिवस गाडी झकास दिसली, दोनदा धुतली आणि बोनेट परत पांढुरकं." मग गाडी दुसऱ्या गॅरेजला जाते, परत कंपाउंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट, परत पंधरा दिवसांची चमक. दोन-तीन फेऱ्या झाल्या की मालक ठरवून टाकतो, या कंपनीचा रंगच भंगार.

बहुतेक गाड्यांत रंगाचा काही दोष नसतो. पहिल्या दिवशी दिसलेली चमक बऱ्याचदा रंगाची नसतेच, ओरखड्यांत बसलेल्या तेलाची असते. ते तेल धुऊन गेलं की खालचा खरा पृष्ठभाग दिसतो. त्यात ज्या पाण्यानं आणि ज्या फडक्यानं रंग बिघडला, तेच पाणी आणि तेच फडकं दुसऱ्या दिवशी परत सुरू झालेलं असतं. आणि प्रत्येक कंपाउंडला रंगाचा थोडा थर कायमचा जातो. म्हणून मशीन लावायच्या आधी गाडीला नेमकं काय झालंय ते ओळखा. या कामातला निम्मा पैसा तिथंच वाचतो.

घासायला थर आहे तरी किती

कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट असं सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतं. त्यातला क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन, यावरून अंदाज करा. कडक कंपाउंडच्या एका दमदार फेरीत दोन-चार मायक्रॉन सहज जातात, आणि २००० नंबरचा पॉलिश पेपर मारला तर त्याहून जास्त. ऊन अडवण्याचं कामही हा क्लिअरच करतो. तो पातळ झाला की परभणी-नांदेडच्या मे महिन्यातलं ऊन थेट खालच्या रंगापर्यंत पोचतं. टप आणि बोनेट आधी जातात आणि दरवाजे चांगले राहतात, ते यामुळंच.

जुन्या साध्या पांढऱ्या किंवा लाल गाड्यांचं गणित वेगळं. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं, तरी गावोगावी त्या अजून धावतायत. अशा वयाच्या सॉलिड रंगाच्या गाड्यांवर पुष्कळदा क्लिअर नसतोच, रंगच सगळ्यात वरचा थर असतो. उन्हानं तो खडूसारखा भुकटी सोडतो. लाल असेल तर गुलाबी पडतो. हे दिसायला भयंकर असलं तरी सुधारायला सगळ्यात सोपं, कारण मेलेला थर निघाला की खाली तोच रंग जिवंत असतो.

मेटॅलिक गाडीवर मात्र क्लिअर असतोच.

आधी ओळखा

सकाळी गाडी गार असताना शाम्पूनं नीट धुवा. ओलं असतानाच बोनेटकडे तिरप्या उजेडात बघा. पाणी असेपर्यंत रंग गडद, चकचकीत आणि वाळला की पांढुरका होत असेल, तर बारीक ओरखडे आणि वरवरचं ऑक्सिडेशन (उन्हाहवेनं मेलेला वरचा थर) आहे, पॉलिशनं नक्की सुधारेल. ओल्यातही पांढरे चट्टे तसेच दिसत असतील, आणि त्यांच्या कडा नकाशासारख्या स्पष्ट असतील, तर क्लिअर मेलाय. तिथं पॉलिशवर एक रुपयाही घालू नका.

मग पांढऱ्या सुती कापडावर थोडं पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात हातानं घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर नाही. नाही लागला तर क्लिअर आहे.

तिसरी तपासणी हाताची. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या पत्र्यावरून बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला, तर रंगात काहीतरी रुतून बसलंय. ते काढल्याशिवाय मशीन लावलं तर तेच कण पॅडखाली फिरून नवे ओरखडे पाडतील.

गाडी नुकतीच पॉलिश करून आणली असेल आणि काम खरं झालंय का ते बघायचं असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. मेडिकल किंवा केमिकलच्या दुकानात मिळतं. तेवढंच आरओचं पाणी मिसळा आणि मऊ मायक्रोफायबरवर घेऊन हातभर जागा हलक्या हातानं पुसा. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन उलट थर सोडतं. पुसल्यावर ओरखडे परत उगवले, तर तुम्ही पैसे फक्त तेलाचे दिलेत. ही तपासणी गॅरेजमध्ये, गाडी ताब्यात घेण्याआधी करायची. चांगला कारागीर स्वतःच करून दाखवतो.

बोअरचं पाणी

आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान पाणी करतं. काळ्या पाषाणातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले मानतात आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. उन्हाळ्यात बोअर खोल गेलं की कितीतरी घरांचं पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठंतरी असतं. पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात. कूलरच्या गवतावर मे अखेर जो पांढरा थर चढलेला दिसतो, तोच थर थेंबाथेंबानं तुमच्या बोनेटवर चढत असतो, फरक इतकाच की बोनेट उन्हात आणखी तापलेलं असतं आणि थेंब मिनिटभरात वाळतो.

एक सवय आधी मोडा. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून त्यानं गाडी धुणारी खूप घरं आहेत. पाणी वाचवण्याची तळमळ चांगलीच आहे, पण ते पाणी बोअरच्या पाण्याहूनही जड असतं. बोअरचा टीडीएस ८०० असेल तर मशीनच्या त्या नळीतून येणाऱ्या पाण्याचा हजाराच्या वर जातो. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा, गाडीला नको. त्याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं, आणि पहिला पाऊस जाऊ दिल्यावर घराच्या छतावरून धरलेलं पावसाचं पाणीही. दोन-तीन लिटर असं पाणी शेवटच्या धारेसाठी वेगळं ठेवा. टीडीएस मोजायचं पेनाएवढं यंत्र काही शे रुपयांत येतं. गल्लीत एकानं घेतलं तरी सगळ्यांना पुरतं.

बसलेले डाग काढायला किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर पुरेसं आहे. चायनीज करणारे नेतात तेच. निम्मं पाणी घाला, कापड भिजवून गार पत्र्यावरच्या डागावर मिनिटभर ठेवा, पुसा, लगेच भरपूर पाण्यानं धुवा. कॅल्शियम कार्बोनेटचा डाग यानं विरघळतो. दोन-तीनदा करूनही गोल कडा दिसतच राहिली, तर क्षारानं क्लिअर खाल्लाय, खळगा पडलाय. तो फक्त कंपाउंडनं सपाट होतो, आणि फार खोल असेल तर त्यानंही नाही. बाथरूमचं अ‍ॅसिड कुणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी गाडीजवळ आणू नका. डाग जाईल आणि त्याबरोबर क्रोम, पत्र्याच्या उघड्या कडा आणि रबरही.

फुफाटा, राख आणि लोखंड

रोज सकाळी झटकणीनं किंवा कोरड्या फडक्यानं गाडी "पुसून घेणं" हा आपल्याकडचा सर्रास शिरस्ता आहे. रस्त्याचा फुफाटा म्हणजे खडी-मुरमाची भुकटी, आणि ती क्लिअरपेक्षा कडक. उन्हात गाडीवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेषांची नक्षी चमकते, ती प्रामुख्यानं या पुसण्याची. धूळ बसलेली गाडी चार दिवस तशीच राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही. कोरडी पुसली तर बिघडतं.

ऊसपट्ट्यात, म्हणजे लातूर, धाराशिव, बीड, परभणीकडे, गाळप सुरू झालं की बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काळी राख उडून येते. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे जवळजवळ घासायची पूडच. हिवाळ्यात दव पडलं की ती चिकटते. तिच्यावर आधी पाणी सोडायचं, हात नंतर.

जालन्याकडच्या पांढऱ्या गाड्यांवर बारीक तांबूस ठिपके दिसतात. मालक घाबरतो की पत्रा आतून गंजला. तो गंज बहुधा वरून आलेला असतो. लोखंडाचे तापलेले बारीक कण हवेतून येऊन रंगात रुततात आणि तिथंच गंजतात. स्टीलच्या भट्ट्या, ग्राइंडिंगची दुकानं, रेल्वेमार्ग यांच्या जवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे होतंच. यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. लोखंड भेटलं की तो जांभळा होऊन ओघळतो. सावलीत मारा, वाळू देऊ नका, धुवा. उरलेलं क्ले बारनं, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीनं. क्ले चालवताना पत्रा शाम्पूच्या पाण्यानं सतत निसरडा ठेवा, आणि क्ले जमिनीवर पडला तर त्याचा मोह सोडून फेकून द्या.

कडुलिंबाखाली गाडी लावणाऱ्यांना डिंक आणि पाखरांची शीट या दोन गोष्टी नवीन नाहीत. शीट वाळली असेल तर खरवडू नका. ओलं कापड पाच मिनिटं ठेवा, मग उचला. डिंकाला वर सांगितलेलं अल्कोहोल चालतं. डिझेलचं फडकं मारणारे बरेच आहेत, त्यानं चमक येते हे खरं, पण ती तेलकट असते, संध्याकाळपर्यंत फुफाटा धरते आणि काचेचं रबर फुगवते.

आता घासणं

हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान करा. एप्रिल-मेमध्ये पत्रा इतका तापतो की कंपाउंड पसरायच्या आत वाळतं आणि पॅड कोरडं घासत बसतं. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे, शेडमध्ये, पत्र्यावर तळहात आरामात टेकेल तेव्हाच.

हाताशी साधं रोटरी मशीन असेल आणि सवय नसेल, तर ते दुसऱ्याला द्या. ते एकाच अक्षावर फिरतं, एका जागी रेंगाळलं की कडेचा रंग जाळतं आणि उन्हात दिसणाऱ्या झुळझुळीत पट्ट्या सोडतं. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन हळू काम करतं, पण घरी करणाऱ्यासाठी तेच बरोबर. बोनेटच्या कडा, दरवाज्यांच्या धारा, बॉडी लाइन यांवर मास्किंग टेप लावा. तिथं थर मुळातच पातळ असतो.

आधी एक हातभर जागा घ्या आणि तिथं सगळ्यात मऊ जोडीनं सुरुवात करा, म्हणजे मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. आडवे-उभे चार फेरे, पुसा, अल्कोहोलनं तपासा. पुरेसं वाटलं तर सगळी गाडी त्याच जोडीवर काढा. नाही वाटलं तरच एक पायरी कडक. बहुतेक गॅरेजांत हे उलटं चालतं, लोकरी पॅड आणि जाडं कंपाउंड सगळ्या गाडीला सरसकट, कारण वेळ वाचतो. त्यात थर तुमचा जातो. शंभर टक्के ओरखडे काढायचा हट्ट जुन्या गाडीला धरू नये, असं माझं ठाम मत आहे. दहातले सात गेले आणि खोलवरचे तीन राहिले तरी गाडी देखणी दिसते आणि पुढच्या कामासाठी क्लिअर शिल्लक राहतो.

पॅडकडे सतत लक्ष ठेवा. क्लिअर नसलेल्या पांढऱ्या किंवा लाल गाडीवर पॅडला रंग लागणारच, त्यात वावगं काही नाही. अशा गाडीवर पॅड वरचेवर साफ करा, नाहीतर मेलेली भुकटीच परत रंगावर घासली जाते. पण मेटॅलिक गाडीवर पॅडला गाडीचा रंग दिसला की तिथंच मशीन बंद करा. क्लिअर संपलाय.

एकच दरवाजा किंवा मडगार्ड परत परत जात असेल तर

बाकी गाडी टिकते आणि एकच भाग दर दोन महिन्यांनी मळकट पडतो, ही तक्रार जुन्या गाडीत फार असते. तो भाग बहुधा कधीतरी ठोकलेला आणि रंगवलेला असतो. दरवाज्याच्या रबरावर रंगाचे शिंतोडे, मडगार्डच्या बोल्टवर पान्याच्या खुणा, पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखा पोत, या खुणा शोधा. थर मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. मूळ रंग १५० मायक्रॉनच्या आत, परत रंगवलेला २०० च्या वर, आणि लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरलेली असेल तर आकडा ५०० च्याही पुढं जातो.

अशा भागावर स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारलेला असू शकतो. दरवाज्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेला थिनरचा कापूस क्षणभर टेकवून पुसा. रंग सहज विरघळून कापसावर आला तर एनसी. हार्डनर घालून मारलेला टू-के किंवा पीयू रंग नीट वाळलेला असेल तर असा सुटत नाही. एनसी आपल्या उन्हात लवकर मरतो आणि त्याला दर थोड्या दिवसांनी घासावंच लागतं. त्यावर महागडं कोटिंग करणं म्हणजे पैसे वाया. अल्कोहोलचं पुसणंही त्यावर टाळा. तेवढा एक भाग टू-केमध्ये रंगवून घेतला की ती कटकट मिटते. फक्त रंगवणाऱ्याला आधीच विचारा, "मिस्त्री, क्लिअर हार्डनरवाला मारणार ना?" आणि जुना एनसी पूर्ण काढूनच नवा मारायला सांगा, कारण वरून मारलेल्या नव्या रंगाच्या थिनरनं खालचा थर उचलून सुरकुत्या येऊ शकतात.

टपाचा क्लिअर सोलत असेल तर तोही रंगवण्याचाच विषय. सोललेल्या कडा मशीननं आणखी उचकटतात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून जाणं धोक्याचं, म्हणून हे काम अंगणात स्प्रे कॅननं करण्यापेक्षा योग्य मास्क असलेल्या पेंटरकडेच द्या. मूळ रंग सोडून दुसराच रंग मारायचा विचार असेल, तर आरसी बुकात तो बदल आरटीओकडून नोंदवून घ्यावा लागतो.

टिकवायचं कसं

मेण चढवलं तर आपल्या उन्हात ते काही आठवडेच राहतं. सिंथेटिक सीलंट काही महिने टिकतं, स्वस्त आहे, हातानं लावता येतं. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीला मी तेच सुचवेन. सिरॅमिक कोटिंग चांगलं असतं, पण बोअरच्या पाण्याचे डाग सिरॅमिकवरही पडतात, हे विकणारा सहसा सांगत नाही. धुण्याची पद्धत तीच राहणार असेल तर त्यावर हजारो रुपये घालू नका.

धुणं कमी पाण्यातच बसवलं पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा इथं पाइप लावून गाडी धुण्याचा सल्ला कुणी देऊ नये आणि त्याची गरजही नाही. पाच लिटरचा फवारणीचा हातपंप घ्या. मात्र नवा घ्या, तणनाशक मारलेला शेतातला नको. त्यानं वरून खाली धूळ भिजवून उतरवा. मग एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबर प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत. टपापासून सुरुवात, चाकांच्या वरची घाण सगळ्यात शेवटी. एक भाग धुतला की तो वाळायच्या आत पुसायचा, मग पुढचा. शेवटी ते जपून ठेवलेलं मऊ पाणी. कपड्याची पावडर वापरली तर सीलंट उतरतं, तेव्हा ती टाळा.

पक्की शेड नसेल तर भाजीपाल्याच्या रोपवाटिकेवर ताणतात ती हिरवी शेडनेट लोखंडी पाइपांवर ताणून घ्या. टप आणि बोनेटचं आयुष्य यानं खरोखर वाढतं. कापडी कव्हरबद्दल मी तितका उत्साही नाही. धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्यानं हलत राहतं आणि रात्रभर पॉलिश पेपरचं काम करतं. घालायचं तर धुतलेल्या गाडीवरच.

परत पांढुरकी पडलीच तर

सगळं करून महिन्याभरानं चमक गेली, तर लगेच कंपाउंडकडे वळू नका. बिघाड कसा दिसतो ते आधी बघा. गोल, कडा असलेले ठिपके म्हणजे पाणी, तेव्हा व्हिनेगर वापरा आणि धुण्याची वेळ सकाळची करा. उन्हात दिसणाऱ्या जाळीदार रेषा म्हणजे फडकं, तेव्हा घरात कोण गाडी कोरडी पुसतंय ते शोधा. अपार्टमेंटचा वॉचमन पुसत असेल तर त्याला दोन चांगली मायक्रोफायबर आणि पंप आणून द्या. सगळीकडे सारखा, एकजात मळकटपणा म्हणजे तेल भरून केलेलं पॉलिश उतरलं, किंवा क्लिअर नसलेल्या गाडीवर सीलंट संपलं. तिथं आधी धुऊन, हातानं बारीक पॉलिश आणि परत सीलंट, एवढंच करा. आणि पांढरा चट्टा एकाच जागी, दर वेळी थोडा मोठा होऊन येत असेल, तर त्या भागाचा फोटो तारखेसकट काढून ठेवा. पेंटरशी दर ठरवताना तो कामाला येतो, आणि चट्टा कडेपर्यंत पोचायच्या आत काम दिलं तर एका भागावर भागतं.